बांधापलीकडचा मुंजाभाऊ

मुंजाभाऊचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुठं मी त्याला कमी लेखलं, तर वाचणाऱ्यानं त्यात आपल्या मनानं थोडी भर घालून घ्यावी.

गोरेगावच्या अलीकडं ओढ्याच्या काठाला आमचे दोघांचे मळे. तेव्हा आमचा तालुका हिंगोली आणि जिल्हा परभणी. मध्ये एक बांध आणि बांधाच्या टोकाला सामाईक विहीर, आमच्या आजोबांनी मिळून खणलेली. चार दिवस पाणी त्याचं, चार दिवस माझं. एकाच विहिरीचं पाणी, एकाच ओढ्याची माती, बियाणंसुद्धा बऱ्याचदा एकाच गाठोड्यातलं. तरी त्याची वांगी माझ्यापेक्षा आठ दिवस आधी बाजारात जायची. माझ्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

अंगानं तो काटकुळा. मान पुढं काढून असा चालायचा की रस्त्यात काहीतरी पडलंय आणि ते यालाच सापडणार आहे. प्रत्येक बोलण्याला "बराबर" म्हणायची सवय. तुम्ही म्हणालात आज ऊन आहे, तर "बराबर". म्हणालात ढग आलेत, तरी "बराबर". सकाळी मळ्यात आला की आधी एक कच्चं वांगं तोडून चावायचा, घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. मग मान हलवायची. त्यातून त्याला काय कळायचं ते त्यालाच ठाऊक. मी एकदा गुपचूप करून बघितलं, तर दिवसभर जीभ खाजत राहिली.

साधूसंत नव्हता तो. लोकांनी आपल्याकडं बघावं याची त्याला भारी हौस. वाटेनं कुणी चाललं की याच्या हातातलं खुरपं जोरात चालायला लागायचं. कुणी थांबून "काय मुंजाजी, यंदा झ्याक हाये मळा" म्हटलं की हा उगीच लांब चेहरा करायचा आणि म्हणायचा, "कशाचं काय. दत्तूचा मळा बघा." दत्तू म्हणजे मी. लोक माझा मळा बघायचे आणि काही न बोलता पुढं जायचे.

सरकारी खत आमच्या शिवारात पहिल्यांदा आलं ते त्याच्याच बांधावर. ग्रामसेवकानं दोन पोती आणून दिली. मुंजाभाऊनं पांढरा दाणा जिभेवर ठेवून बघितला, थुंकला आणि म्हणाला, "बराबर." त्या साली त्याच्या वांग्याचं पान माझ्या पंज्याएवढं झालं. फळं अशी लकाकायची की बाजारातल्या बाया हात पुसून मगच त्यांना हात लावायच्या. ग्रामसेवक साहेब पाहुणे घेऊन यायचे, त्याला बांधावर उभं करायचे आणि त्याच्या तोंडून माहिती वदवायचे. मी पलीकडून पाणी धरता धरता ऐकायचो. पुढच्या साली मीही पोती आणली, तर तोवर यानं पाठीवरचा फवारणीचा पंप आणला होता. मी पंप आणला त्या साली विहिरीवर त्याचं पाणी उपसायचं इंजन आलं. सगळ्या बाबतीत मी त्याच्या एक साल मागं. लोक म्हणायचे, दत्तू चांगला माणूस आहे, मुंजाजीचं बघून शिकतो. कुणी थोबाडीत मारली असती तर त्याहून बरं वाटलं असतं.

मग सरूआक्काची गोष्ट झाली. सरूआक्का ही त्याची थोरली बहीण, वाशीमकडच्या एका गावात दिलेली. एका दुपारी ती कनेरगाव नाक्यावर उतरून, थोडं गाडीत नि बाकी पायी, भावाच्या मळ्यावर आली. विहिरीजवळ जामाचं झाड होतं, म्हणजे पेरूचं. आमच्याकडं त्याला जामच म्हणतात. झाड पिवळ्या फळांनी लगडलेलं. उन्हातून आलेली म्हातारी. तिनं हात वर करून एक जाम तोडला आणि पदराला पुसून तोंडाकडं नेला. तेवढ्यात मुंजाभाऊ ओरडत धावला आणि त्यानं तिच्या हातावर फटका मारून जाम खाली पाडला. आदल्याच दिवशी झाडावर औषध मारलं होतं.

हे तिला कळायच्या आधीच तिच्या डोळ्यात पाणी आलं. "माझ्या बापाच्या हातचं झाड हाये हे," ती म्हणाली. "एका जामासाठी भावानं हात मारला मला."

"आक्का, आवशीद हाये त्याच्यावर."

"मग खातो कोन हे?"

मुंजाभाऊ खाली पडलेला जाम उचलायला वाकला. मी विहिरीच्या काठावर उभा होतो. आक्कानं घोटभर पाणीही घेतलं नाही, आल्या पावली नाक्याकडं परत गेली. भाऊ तिच्या मागं अर्ध्या वाटेपर्यंत गेला आणि एकटा परत आला.

दुसऱ्या दिवशी तो बांध ओलांडून माझ्याकडं आला. पाठीवर पंप, बैलगाडीत उरलेली खताची पोती आणि कीड मारायच्या पावडरीचा डबा.

"घे दत्तू. तुला लागंल."

"काहून? तुला नको का?"

"ज्या झाडाखाली बसून जाम खाता येत न्हाई, ते झाड माझं कसं? मी सोडून राहिलो हे समदं."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. खोटं कशाला सांगू, मनातून मी नाचलो. आपण होऊन त्यानं पहिला नंबर माझ्या अंगणात आणून टाकला होता.

पुढची दोन सालं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. त्याच्या वांग्यात शेंड्यापासून फळापर्यंत अळी. मिरची बोकडली, पानं चुरगळल्यासारखी आकसली. टमाट्याची झाडं हात जोडून उभी असल्यासारखी वाळली. जमिनीला पोत्याची सवय लागली होती आणि यानं एकदम पोतं तोडलं. बाजारात बाया त्याच्या टोपल्यातलं वांगं उचलायच्या, भोक बघायच्या आणि माझ्याकडं वळायच्या. पोरं त्याला किडका मुंजाजी म्हणायला लागली. त्याची बायको तर विहिरीवर माझ्यासमोर त्याला बोलली, "लोक आवशीद मारून मेले का? आमालाच काहून ही तकलीफ?" तो म्हणाला, "बराबर," आणि उकिरड्यावर पाला टाकत राहिला.

त्यानं काय काय करून बघितलं ते मी बांधावरून पाहिलंय. पहिल्यांदा ओलं शेण सरळ झाडाच्या बुडाशी घातलं. झाडं पिवळी पडली, मुळांना हुमणीची अळी लागली. मग खड्डा खणला, एक थर शेण, एक थर पाला, वरून राख आणि ओढ्याची गाळाची माती. निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी ते पाणी केरसुणीनं झाडावर शिंपडायचं. किडकं वांगं दिसलं की तोडून लांब नेऊन पुरायचं, एक-एक करून. वांग्याच्या ओळीत कोथिंबीर, मिरचीच्या कडेनं झेंडू. आणि वर्षातून एकदा, चैत्राच्या सुमाराला, मेंढरं बसवायची.

मेंढरं बसवणं आमच्याकडं जुनं. धनगर कळप घेऊन खाली उतरतात, तेव्हा शेतकरी त्यांना सुपारी देऊन बोलावतो. संध्याकाळी वावरात वाघूर, म्हणजे सुतळीची जाळी, गोल उभी करायची आणि कळप आत कोंडायचा. रात्रभरात लेंड्या-मुतानं जमीन भिजते. दुसऱ्या रात्री वाघूर पुढं सरकवायची. बदल्यात धनगराला ज्वारी आणि जेवण. पोती आल्यापासून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. मुंजाभाऊनं पुन्हा धरलं. मसाजी नावाचा हटकर धनगर दर साली त्याच्याकडं पाच रात्री बसायचा.

तिसऱ्या साली मळा फिरला. एका सकाळी मी पाणी धरायला गेलो तर पलीकडं वांग्याचे पट्टे काळपट हिरवे, फळं लहान पण घट्ट, आणि चिमण्या-साळुंक्या अशा कलकलत होत्या की जसं काही लग्नघर. सरूआक्का त्या हिवाळ्यात आली. भावानं निरोप धाडला होता. झाडाखाली बसून तिनं तीन जाम खाल्ले, बिया थुंकल्या आणि चौथा ओटीत घेतला. बहीणभावात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मुंजाभाऊनं धोतराच्या सोग्यानं नाक पुसलेलं तेवढं दिसलं.

बाजारात आता बाया विचारायला लागल्या, "मुंजाजीचं वांगं आलं का?" माझ्यापुढं उभं राहून विचारायच्या! त्याचं वांगं चुलीवर लवकर शिजतं, भरीत गोड लागतं, दोन दिवस ठेवलं तरी टिकतं. मी हे सगळं ऐकून घेत होतो. पण खरी काडी माझ्या घरातच पडली. एका दुपारी जेवताना भाजी फार चांगली लागली. मी बायकोला म्हणालो, "बघ, आपल्या मळ्याचं वांगं! लोकांना काय कळतंय?"

ती भाकरी थापत होती. थांबली. म्हणाली, "आपलं न्हाई ते."

"मग?"

"मुंजाभाऊंच्या घरून आनते मी. लई दिवस झाले. आपलं आपुन इकायला ठिवतो ना."

माझ्याच घरात, माझ्याच ताटात, माझ्याच बायकोच्या हातानं. जळफळाट हा शब्द मी ऐकला होता, त्या दिवशी तो पोटात उतरला.

त्या साली चैत्रात मी काय केलं ते आता सांगतो. गोरेगावच्या बाजारात मसाजी भेटला. मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "मुंजाजीला यंदा गरज न्हाई म्हनत व्हता. माझ्यात बस. ज्वारी दुप्पट देतो." साफ खोटं. मसाजी भोळा. सुपारी घेतली.

मेंढरं माझ्या वांग्याच्या वावरात बसली. तोडे जवळजवळ संपले होते, झाडं उभी होती. चारच दिवस आधी, लगीनसराईला एक शेवटचा तोडा निघावा म्हणून मी त्याच झाडांवर पावडर धुरळली होती. मला विसर पडला असं मी म्हणणार नाही. पावडर ठाऊक होती आणि मेंढरंही ठाऊक होती. पण पावडर झाडासाठी आणि मेंढरं जमिनीसाठी, अशी दोन्हीची जागा डोक्यात वेगळी होती. बापजाद्यांच्या रीतीत विषाचा हिशोब नव्हता आणि पावडरीच्या डब्यावर मेंढराचं नाव नव्हतं. कोंडलेली मेंढरं रात्रभर समोरचा पाला खाणारच, हे लेकराला कळलं असतं.

दिवस उजाडताना मसाजीचा आरडाओरडा ऐकून मी पळत गेलो. मेंढरं थरथरत होती, तोंडाला फेस, दोन-तीन आडवी पडून पाय झाडत होती. बाकीची भेदरून वाघुरीला धडका देत होती. एका बाजूला ओढ्याची दरड, दुसऱ्या बाजूला माझंच पावडर मारलेलं टमाट्याचं वावर. मोकळी बाजू एकच, मुंजाभाऊच्या मळ्याची. तो तिथं उभाच होता. एका नजरेत त्यानं सगळं बघितलं. झाडाच्या पानावर बोट फिरवून वासही घेतला. मग आपल्या बांधावरचं बोरीच्या काट्यांचं कुंपण दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि ओरडला, "मसाजी, इकडं घाल! पान्यावर घाल!"

सगळा कळप त्याच्या मळ्यात घुसला. पाटाचं पाणी प्यायला, मेथीवर पडला, कोथिंबीर खाल्ली, उभ्या मिरच्या तुडवल्या. तीन सालांनी सावरलेला मळा घटकाभरात पायाखाली गेला. मुंजाभाऊ कोळसा कुटून पाण्यात कालवत होता आणि एकेका मेंढराचा जबडा उघडून पाजत होता. पुष्कळ वाचली. सात मेली. चार माझ्या वावरात आणि तीन त्याच्या, मेथीच्या वाफ्यात, तोंडात हिरवा पाला धरून.

गाव गोळा झालं तेव्हा माझ्या वावरातली चार मसाजीच्या माणसांनी ओढून ओढ्याकडं नेली होती. लोकांना दिसली ती मेथीतली तीन. लगेच कुणीतरी म्हणालं, "हा कुजकं-नासकं घालतो, निंबोळ्याचं पानी मारतो. बाधनार न्हाई तर काय?"

दुसऱ्यानं मला विचारलं, "दत्तू, तुझ्या वावरात काय खाल्लं मेंढरांनी?"

"माझ्यात काय?" मी म्हणालो. "वांग्याचे खराटे व्हते निस्ते."

मुंजाभाऊच्या मांडीवर एका कोकराचं डोकं होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. तो म्हणाला, "पानी आन दत्तू. थोडं कोमट." मी पाणी आणलं.

त्यानंतर बाजारात त्याच्या टोपल्याला सालभर कुणी हात लावला नाही. मसाजीचा कळप आमच्या शिवारात यायचा बंद झाला. मेंढरं नाहीत म्हणजे त्याच्या मळ्याचा अर्धा आहार गेला. त्याची दुभती शेळी दावणीला दिसेना. घरात अडचण असेल, विकली असेल, असं आम्ही म्हणालो. मी पुन्हा पहिला झालो होतो. पण घरात वांग्याची भाजी झाली की माझं जेवण उतरत नव्हतं. बायको काही विचारत नव्हती, हे अजून वाईट.

विहिरीवर तो रोज भेटायचा. पाळी बदलायच्या दिवशी मला आठवण द्यायचा, "आजपासून पानी तुझं." एवढंच. मी वाट बघायचो की कधीतरी शिवी देईल. शिवी दिली असती तर मीही दिली असती आणि फिटलं असतं.

दोन सालं अशी गेली. एकदा वांगी वाशीमच्या ट्रकवर चढवायला मी कनेरगाव नाक्यावर गेलो होतो. तिथं जनावरांचे व्यापारी बैल थांबवतात. बघतो तर मुंजाभाऊ, एकेकाळी ग्रामसेवक ज्याला बांधावर उभा करून पाहुण्यांना दाखवायचे तो, रस्त्यावर वाकून दोन्ही हातांनी शेण गोळा करत होता आणि आपल्या रिकाम्या बैलगाडीत टाकत होता. ढाब्यावरचा एकजण ओरडला, "काय मुंजाजी, शेन इकून राहिला का आता?"

"इकत न्हाई बापा," तो हसून म्हणाला. "मेंढरं रुसली माझ्यावर. बैलायची मनधरनी करून राहिलो."

बाकीचे हसले. मी ट्रकच्या मागं सरकलो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा हेवा वाटला नाही. स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगतो, हेवा त्यापेक्षा सोसायला सोपा असतो.

पुढच्याच आठवड्यात मी मसाजीला शोधून काढलं. गावोगाव विचारत गेलो, एका माळावर त्याचा कळप होता. टोपी काढून त्याच्यापुढं बसलो आणि सगळं सांगितलं. खोटी सुपारी, पावडर, खराट्यांची बतावणी, काही ठेवलं नाही.

मसाजी लोकर कातत होता. त्यानं चातीही थांबवली नाही. "मला ठावं हाये," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"मुंजाजीनं. त्याच दिशी, मेंढरं पुरतानी. घरची दुभती शेळी हानून दिली मला. अन् वचन घेतलं, दत्तूचं नाव कुठं काढायचं न्हाई. म्हनला, आमची हीर एक हाये. शेजार मोडला तर दोघंबी पान्याला मुकतो."

म्हणजे माझा गुन्हासुद्धा माझ्याआधी त्यानंच सांगून ठेवला होता. मला तिथंच बसून हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "मग त्याच्या मळ्यात काहून बसत न्हाई तू? त्याचा काय कसूर?"

"त्याचा कसूर न्हाई. पर मेंढराला बांध कळत न्हाई, दत्तराव. तुझी पावडर हाये तवर मी त्या शिवेत कळप कसा घालू? मी म्हनलं मुंजाजीला, शेजाऱ्याला सांग, सोड म्हना. त्यो म्हनला, मला जाम पाडल्यावर कळलं. सांगून कळलं नसतं. त्यालाबी सांगनार न्हाई."

मी घरी आलो. मुंजाभाऊला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्या साली पंप माळ्यावरून खाली काढला नाही, पावडरही धुरळली नाही. माझ्या वांग्यात अळी पडली, बाजारात बायांनी भोकं बघून टोपलं सरकवलं, बायकोनं ओळीओळीतलं किडकं वांगं एक-एक करून वेचलं. पलीकडून मुंजाभाऊ बघत होता. एका सकाळी त्यानं बांधावर भिजवलेल्या निंबोळ्यांचं मडकं आणून ठेवलं आणि परत गेला. मी दुपारपर्यंत त्याला हात लावला नाही. मग शिंपडलं.

माझी पावडर सुटल्याचं कानावर गेलं असावं, पुढच्या चैत्रात मसाजी आला. गावातली चार माणसं बघायला जमली. त्यानं विचारलं, "आधी कुणाच्यात बसवू?"

मला वाटलं होतं मुंजाभाऊ पुढं होईल. तीन सालं त्याच्या जमिनीनं वाट बघितली होती. तो म्हणाला, "आधी दत्तूच्यात. त्याच्या मातीला जादा भूक हाये."

चार माणसांसमोर. माझ्या अंगाची लाही झाली. देणंही त्याचंच, मोठेपणही त्याचंच, आणि माझी जमीन उपाशी हेही त्यानंच जाहीर केलेलं. त्या रागात मी पाच रात्री कळप ठेवून घेतला. पाच झाल्यावर मसाजीकडून सहावी मागून घेतली. मुंजाभाऊ पलीकडं आपल्या नांगरलेल्या मोकळ्या वावरात उभा होता. मग वळीव गडगडायला लागला, मसाजीला पुढं निघणं भाग पडलं, आणि मुंजाभाऊच्या वाट्याला दोनच रात्री आल्या.

मसाजी शरमून म्हणाला, "दोनच झाल्या, भाऊ."

"बराबर," मुंजाभाऊ म्हणाला. "दोन तर दोन."

त्यानंतर आठ दिवसांनी मी लेकीच्या लग्नाच्या बोलणीला वारंग्याकडं गेलो, तिथं मुक्काम वाढला, आणि परत आलो तेव्हा मुंजाभाऊ नव्हता. तापानं चार दिवसांत गेला म्हणाले. म्हणजे त्याला मी शेवटचं नीट बघितलं ते मसाजीचा कळप निघाला त्या सकाळी. कळप निघाला की त्याला शिवेपर्यंत पोचवायला जायची रीत आहे. सहा रात्री मी ठेवून घेतल्या होत्या, जायला हवं होतं मी. मी बांधावरच उभा राहिलो. मुंजाभाऊ गेला. एक लंगडं कोकरू खांद्यावर टाकून, मान पुढं काढून, मसाजीशी मोठ्यानं काहीतरी बोलत, हसत. धुळीत मेंढरं दिसेनाशी झाली तरी त्याचा आवाज येत होता. माझ्या वावरात सहा रात्रींचं खत पडलेलं होतं, आणि मी त्याच्या पाठीकडं बघत उभा होतो. त्याच्यासारखं हसता यावं, एवढंच मला हवं होतं.